ड्रायरला दोन-दोन सायकल लागतायत, फ्यूज दोनदा गेला... मशीन गेलं की पाइप तुंबलाय?

दमट_टॉवेल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या. आमचा ड्रायर सात वर्षांचा आहे, इलेक्ट्रिक, भिंतीतून बाहेर हवा टाकणारा. आधी टॉवेलचा लोड पन्नास मिनिटांत कडक वाळायचा. आता दोन सायकल पूर्ण झाल्या तरी टॉवेलच्या किनारी आणि जीन्सचे खिसे ओलेच, आणि गंमत म्हणजे तेच कपडे बाहेर काढताना हाताला चटका बसतो. म्हणजे हीट तर येतेय, मग वाळत का नाहीये? वरच्या पत्र्यावर हात ठेववत नाही आणि त्या खोलीच्या खिडकीची काच आतून घामेजते.

चार महिन्यांत दोनदा मशीन बंद पडलं. दोन्ही वेळा माणूस आला, थर्मल फ्यूज बदलला, दहा मिनिटांत काम उरकून पैसे घेऊन गेला. दुसऱ्यांदा मी विचारलं की अहो हा सारखा का जातोय, तर म्हणे मशीन जुनं झालंय, नवीन घ्या आता.

लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंची) जाळी मी प्रत्येक लोडनंतर साफ करते, अगदी न चुकता. नवऱ्याचं म्हणणं जाळी साफ असेल तर पुढे काही अडकणारच कसं. पण गेल्या आठवड्यात किंचित जळका वास आला, दोन मिनिटांत गेलाही, पण मी तेव्हापासून धसकाच घेतलाय. मागे तो चंदेरी चुरगळणारा फॉइलचा पाइप आहे, तो भिंतीत शिरतो, तिथून वर जातो, मग आडवा जाऊन बाहेर निघतो, बाहेरचं तोंड शिडी लावल्याशिवाय हाताला येत नाही. सात वर्षांत ते कुणी उघडलेलं नाही. हे घरच्या घरी करता येतं का आणि नेमकं कुठून सुरू करायचं? की खरंच मशीनच गेलंय?

तीनपोरं

ताई, सगळ्यात आधी ड्रायर वापरणं बंद करा. जळका वास आला म्हटल्यावर तपासल्याशिवाय एकही लोड नको, चार दिवस दोरीवर वाळत घाला, काही बिघडत नाही.

आणि तुमचा तो फ्यूजवाला मला तर, असो.

एक पटकन करायची गोष्ट. मशीन रिकामं ठेवून, हीट न लावता नुसत्या गार हवेवर पाचच मिनिटं चालवा आणि बाहेर जाऊन खालूनच बघा, त्या तोंडावरची झडप उघडतेय का. नीट असेल तर ती फडफडत उघडी राहते. नुसती थरथरत असेल किंवा ढिम्म हलत नसेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे. आमच्याकडे असंच झालं होतं, मी महिनाभर मशीनला शिव्या देत होते.

पाना_पेचकस

मी बरीच वर्षं हीच मशीनं उघडण्यात घालवली आहेत, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधला परिच्छेद सोडून द्या.

ताई, मशीन गेलेलं नाही. गेलं असतं तर हीटच आली नसती. तुमची लक्षणं सगळी एकाच गोष्टीची आहेत, हवा बाहेर पडत नाहीये. लोक समजतात ड्रायर गरमीने कपडे वाळवतो. गरमी अर्धंच काम करते, ती पाण्याची वाफ करते, पण ती वाफ उचलून घराबाहेर नेऊन टाकायचं काम हवेचं. मोठ्या लोडमधून दोन-तीन लिटर पाणी सहज निघतं, ते सगळं त्या चार इंची पाइपातून वाफ होऊन जायला पाहिजे. पाइप तुंबला की ड्रममध्ये गरम दमट हवा नुसती गोल फिरत बसते, म्हणून कपडे भाजतात पण वाळत नाहीत. तुमच्या खिडकीच्या काचेवर जे पाणी दिसतंय ना, ते टॉवेलातलंच आहे.

आता फ्यूज. हीटरजवळ एक थर्मोस्टॅट असतो, तो जास्त गरम झालं की हीटर तोडतो, गार झालं की जोडतो. हवा कोंडली की तो सारखा तोड-जोड करत बसतो आणि म्हणून वेळ आणखी लांबतो. त्यानेही भागलं नाही तर थर्मल फ्यूज उडतो आणि तो एकदाच उडतो, परत जुळत नाही, बदलावाच लागतो. म्हणजे फ्यूज हा आजार नाहीये, फ्यूज ओरडून सांगतोय की आत कोंडलंय. नुसता फ्यूज बदलणं म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड दाबणं. दोनदा उडाला म्हणजे त्याने दोनदा काम चोख केलं. काही महाभाग वैतागून फ्यूज काढून वायर सरळ जोडून टाकतात, असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तुमच्या यजमानांचा मुद्दा, जाळी साफ तर पुढे काही जात नाही. जातं. जाळी मोठं अडवते, बारीक तंतू तिच्या भोकांतून निघून जातात आणि पाइपाच्या प्रत्येक वळणाला, प्रत्येक सुरकुतीला चिकटतात. थोडे तर मशीनच्या आतच राहतात. ड्रमच्या कडेला नमद्याची पट्टी असते, ती झिजली की लिंट खाली पेटीत पडतं, आणि तिथेच हीटर आहे. इलेक्ट्रिक ड्रायरचा हीटर साधारण पाच किलोवॅटचा, कपड्यांना इस्त्री करता त्याच्या चार-पाच पट. त्याच्याशेजारी पिंजलेला सुका कापूस ठेवलाय असं समजा. पाइप कोंडलेला असला की हवा मागे सरते आणि हे आतलं लिंट आणखी वाढतं. तुमचा जळका वास बहुतेक त्यातलाच एखादा पुंजका.

तर क्रम असा ठेवा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. (गॅसचा ड्रायर असता तर आधी गॅसचा व्हॉल्व बंद आणि ओढताना नळीला पीळ पडू द्यायचा नाही, आणि खरं सांगायचं तर गॅसचा असेल तर मागे हात घालायला जाणकार माणूसच बोलवावा.) मशीन हळू पुढे ओढा, मागचा क्लॅम्प सैल करा, फॉइलचा पाइप दोन्हीकडून काढा आणि तो साफ करत बसू नका, फेकून द्या. आतून सुरकुत्यांनी भरलेला असतो, मशीन मागे सरकवलं की चेपतो, आणि ब्रश घातला की फाटतो. पांढरा प्लॅस्टिकचा असता तर मी म्हटलं असतं आत्ता या क्षणी काढा, कारण आग लागली तर तो स्वतःच पेटतो. त्याजागी अर्धवट कडक ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, लागेल तेवढाच, गुंडाळी शिल्लक ठेवायची नाही.

मग भिंतीतल्या पत्र्याच्या डक्टमध्ये लवचिक काड्यांचा ब्रश. त्या काड्या एकमेकींत आट्याने बसतात, दुसरं टोक ड्रिलला. ड्रिल फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कमी स्पीडवर. उलटं फिरवलंत की आटे सुटतात आणि ब्रश भिंतीतच राहतो, हे लक्षात ठेवा, मी परत सांगणार नाही. प्रत्येक सांध्यावर टेपचा एक वेढा मारलात तर आणखी बरं. जोर लावायचा नाही, दोन फूट आत, परत बाहेर, निघालेलं व्हॅक्यूमने ओढायचं, मग पुढचे दोन फूट.

लिंटची जाळी काढल्यावर खाली जी फट दिसते तिथेही व्हॅक्यूमची चपटी नळी घाला. बहुतेक लोक सात वर्षांत एकदाही तिथे डोकावत नाहीत.

आणि शिडी कुणीतरी धरा. ह्या कामात मी आगीपेक्षा शिडीवरून पडलेली माणसं जास्त पाहिली आहेत.

खटपट्या

एवढा कुटाणा कशाला, पानं उडवायचा ब्लोअर आहे ना? मशीनच्या बाजूने भोकात लावायचा, भोवती फडकं गुंडाळायचं आणि फुल स्पीड. बाहेर असा ढग निघतो की व्हिडिओ काढावा. मी दरवर्षी करतो, पंधरा मिनिटांत विषय संपला.

पाना_पेचकस

खटपट्या, तुझा पाइप सरळ आणि आखूड असेल, बाहेरचं तोंड सताड उघडं असेल आणि सगळे सांधे पक्के असतील तर तो ढग बाहेर निघतो, मान्य. पण ताईंचा पाइप भिंतीतून वर जाऊन आडवा गेलाय आणि सात वर्षं कुणी पाहिलेला नाही. त्यात आधीच गच्च बूच बसलं असेल तर ब्लोअरने ते आणखी आवळून बसेल. नाहीतर भिंतीतला एखादा सांधा सुटेल आणि तो ढग बाहेर न जाता भिंतीच्या पोटात जाईल, आणि तुला वाटेल काय मस्त साफ झालं, हवा कशी सुसाट जातेय. ती सुसाट जातेय ती भिंतीत. पुढे प्रत्येक लोडची वाफ आणि लिंट तिथेच. आधी ब्रश, मग वाटलं तर शेवटी उरलंसुरलं उडवायला ब्लोअर. उलटा क्रम नको.

खटपट्या

बरं बाबा. सांधे तपासतो. (मागच्या वर्षी आवाज जरा वेगळा आला होता खरा.)

रात्रपाळी

ताई, वासाबद्दल लिहिलंत म्हणून लिहितोय, एरवी हा किस्सा मी सांगत नाही.

रात्रपाळीहून येऊन मी ड्रायर लावून झोपायचो, रोजचंच, मशीनची घरघर ऐकत झोप छान लागते. एक दिवस पाणी प्यायला उठलो तर पॅसेजमध्ये केस जळल्यासारखा वास. ड्रायर चालूच. दाराच्या फटीतून बारीक धूर. माझा हात दाराकडे गेला होता, खोटं कशाला बोलू, आधी कपडे काढू असंच डोक्यात आलं. नशिबाने बायको मागून ओरडली की उघडू नकोस, वायर काढ. प्लग काढला, दार बंदच ठेवलं, सगळे घराबाहेर, फायर ब्रिगेडला फोन. नंतर त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की दार उघडलं असतंत तर आत हवा मिळून भडका तोंडावर आला असता. बंद पत्र्याच्या पेटीत आग हवेवाचून दबून राहते, तेच वाचवतं.

कारण निघालं आतल्या पेटीत साठलेलं लिंट. बाहेरून ड्रायर अगदी चकाचक होता, मी वरून पुसायचो पण रोज.

नंतर मी जरा वाचत बसलो. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब काढला होता, त्यात तिथल्या घरांमध्ये वर्षाला अंदाजे २,९०० ड्रायरच्या आगी आणि ज्यांचं कारण कळलं त्यांत सगळ्यात मोठं कारण सफाई न करणं, ३४ टक्के. म्हणजे वायरिंग, खराब पार्ट हे सगळं त्याच्या मागे. तेव्हापासून झोपताना आणि घराबाहेर जाताना ड्रायर बंद म्हणजे बंद, आणि त्या खोलीबाहेर स्मोक अलार्म.

हो आणि तेलकट फडकी. स्वयंपाकाचं तेल, मसाजचं तेल लागलेले टॉवेल, लाकडाला तेल लावलेली चिंधी हे धुतलं तरी तेल पूर्ण जात नाही, ड्रायरमध्ये तापतं आणि नंतर घडी करून ठेवलेल्या ढिगात आपोआप तापत जातं. सायकलच्या शेवटची गार हवेची दहा मिनिटं म्हणूनच असतात, घाई करून मध्येच थांबवून गरम ढीग तसाच बास्केटमध्ये कोंबू नका.

तीनपोरं

बाप रे. हा गरम ढीग बास्केटमध्ये कोंबणारी व्यक्ती मीच आहे.

दमट_टॉवेल

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्रपाळी तुमचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, तो गप्प झाला आणि शनिवारी सकाळी स्वतःहून शिडी काढली.

तर अहवाल. आधी तीनपोरं ताईंची टेस्ट केली, गार हवेवर पाच मिनिटं. झडप ढिम्म. नुसती ढिम्म नाही तर खालून दिसलं की झडपेच्या मागे काहीतरी करडं दाटलंय, मला वाटलं पक्ष्याचं घरटं. नवरा वर चढला आणि झडप बोटाने उचलून मिनिटभर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, अगं ही आपलीच जाळी आहे.

मला आठवेना. मग आठवलं. घर घेतलं त्या पहिल्याच वर्षी एक पक्षी त्या भोकात गवताच्या काड्या नेऊन ठेवत होता, म्हणून आम्ही दोघांनीच, मी शिडी धरली होती, त्याने बारीक तारेची जाळी कापून आत ठोकली होती, आणि खाली उतरून आम्ही एकमेकांचं कौतुकही केलं होतं. त्या जाळीवर सात वर्षांचं लिंट. फोटो टाकता येत नाहीये, पण सांगते, तळहाताएवढा जाड गोल, दाबलेल्या नमद्यासारखा, बाहेरच्या बाजूने ओला करडा आणि आतून कोरडा, वरचेवर थर, एखाद्या थरात माझ्या लाल शालीचे तंतू स्पष्ट ओळखू येत होते, ती शाल मी तिसऱ्या वर्षी टाकून दिली. मध्ये करंगळी जाईल एवढंच भोक उरलं होतं. म्हणजे दोन-तीन लिटर पाण्याची वाफ त्या करंगळीएवढ्या भोकातून.

फॉइलचा पाइप काढला तर तो भिंतीशी पार चपटा झालेला, चपातीच. मशीनच्या पेटीत मात्र अजून हात घातला नाहीये. दोन प्रश्न. पक्ष्यांचं आता काय करायचं, जाळी नाही लावायची तर? आणि पाइपाची लांबी जास्त आहे का, मोजली तर वर आठ फूट आणि आडवा चौदा फूट, आणि तीन काटकोनी वळणं.

पाना_पेचकस

वाहवा! मी पैज लावली असती की चपटा पाइप निघेल, जाळीचा अंदाज नव्हता. पण ताई, ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही, मी चहाच्या गाळणीची जाळी बसवलेलीही पाहिली आहे. ड्रायरच्या तोंडाला कुठलीही जाळी नको. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आयआरसी कोडात तर स्पष्ट मनाई आहे. तोंडावर फक्त झडप, जी हवा आली की उघडते आणि थांबली की मिटते. तुमची जुनी झडप सात वर्षं उघडलीच नसेल तर बिजागरी जाम असणार, नवीन पूर्ण तोंडच बसवा, नीट मिटणारी झडप असली की पक्षी आत शिरत नाही. आडव्या पट्ट्यांच्या तीन झडपांचं तोंड घेऊ नका, त्यातली एक पट्टी हटकून अर्धवट अडकते.

लांबीचं म्हणाल तर त्याच कोडात ३५ फुटांची मर्यादा आहे आणि प्रत्येक साध्या काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा. तुमची तीन वळणं म्हणजे १५ गेले, उरले २०, आणि तुमचा पाइप २२. मागचा जोडपाइप त्यात धरत नाहीत. तर दोन फुटांनी मर्यादेबाहेर आहात. आता एक म्हणजे तुमच्या मशीनच्या माहितीपुस्तकात त्या मॉडेलची स्वतःची मर्यादा दिलेली असते, ती बऱ्याचदा जास्त असते, आणि तुमच्याकडचा नियम काय तेही बघून घ्या. दुसरं म्हणजे सावकाश वळणारा मोठ्या गोलाईचा कोपरा मिळतो, तो काटकोनापेक्षा कितीतरी कमी अडवतो, पुढे कधी भिंत उघडलीच तर तो टाका. त्यासाठी मुद्दाम भिंत फोडू नका. फक्त एवढं समजा की सरळ आखूड पाइपवाल्याला वर्षातून एकदा पुरतं तिथे तुम्हाला सहा महिन्यांनी बघावं लागेल.

सांधे जोडताना स्क्रू मारू नका, आत आलेल्या स्क्रूच्या टोकावर लिंट काट्यावर लोकर अडकावी तसं अडकतं. ॲल्युमिनियम फॉइलची टेप वापरा. कापडी करडी टेप, जिचं नावच डक्ट टेप आहे, ती इथे चालत नाही, गरमीने तिचा गोंद सुकून ती गळून पडते. आणि पत्र्याचा एक तुकडा दुसऱ्यात शिरतो ना, त्याचं शिरणारं टोक हवेच्या दिशेला तोंड करून पाहिजे, उलटं बसवलं की आतली कड लिंट पकडते. पेटीच्या आतली सफाई आता माहीतगाराकडून करून घ्या, पुढचा पत्रा उघडून, तुम्हाला वास आलेला आहे म्हणून सांगतो, ते टाळू नका.

ओढूनताणून

थोडं अवांतर. आमचा हीट पंपवाला आहे, बाहेर पाइपच नाही, पाणी टाकीत जमा होतं. म्हणजे आम्ही ह्या भानगडीतून सुटलो ना?

पाना_पेचकस

आगीची भीती बरीच कमी कारण तापमान कमी आणि भिंतीत पाइप नाही, पण लिंट कुठे जात नाही, ते तुमच्या घरातच राहतं. त्यात दोन-दोन फिल्टर असतात, दोन्ही साफ करायचे, आणि खाली एक बारीक पात्यांची जाडजूड जाळी असते त्यावर थर बसतो. साध्या कंडेन्सरच्या मशीनमध्ये ती बाहेर काढून नळाखाली धुता येते, हीट पंपच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती निघत नाही, मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने पात्यांच्या दिशेनेच ओढायची, आडवा हात मारलात तर पाती वाकतात आणि हात कापतो तो वेगळाच.

ओढूनताणून

दोन फिल्टर??? मी एकच काढत होतो. येतो बघून.

परत आलो. दुसरा सापडला. काही विचारू नका.

तीनपोरं

मी एक जोडते, सुवासिक ड्रायर शीट (कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकायचे ते पातळ कागद) वापरणाऱ्यांनी जाळी एकदा नळाखाली धरून बघा. मला हे इथेच कुणीतरी सांगितलं होतं. जाळीवर पाणी टाकलं की ते आरपार गेलं पाहिजे. माझ्या जाळीवर पाणी थेंब थेंब होऊन बसलं, कमळाच्या पानावर बसतं तसं! डोळ्याला जाळी अगदी स्वच्छ दिसत होती पण शीटचा मेणचट थर बसला होता. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावायची. ड्रमच्या आत दोन धातूच्या पट्ट्या असतात ओलावा ओळखायच्या, त्यांच्यावर पण हाच थर बसतो आणि मग मशीनला वाटतं कपडे वाळले आणि ते लवकरच बंद होतं. दमट_टॉवेल ताईंचं तसं नाहीये, पण कुणाचं असेल तर.

रात्रपाळी

आणि ज्यांचा गॅसवर चालतो त्यांनी पाइप तुंबणं हे वाळण्याचं प्रकरण समजू नये. जळलेल्या गॅसचा धूरही त्याच पाइपाने बाहेर जातो, तो कोंडला तर कार्बन मोनॉक्साइड घरात. त्याला वास नाही. त्याचा वेगळा अलार्म येतो, स्मोक अलार्मला ते कळत नाही.

दमट_टॉवेल

पाना काका, तुम्ही परत सांगणार नाही म्हणाला होतात ना.

ब्रश आत राहिला.

झालं असं की बऱ्याच लांबपर्यंत छान चाललं होतं, बादलीभर निघालं, मग वळणाला अडकला म्हणून नवऱ्याने सोडवायला ड्रिल उलटं फिरवलं. एकच सेकंद म्हणतो, मी म्हणते तीन. हाताशी तीन काड्या आल्या, ब्रश आणि दोन काड्या भिंतीत. तो आता कोपऱ्यात बसून तुमची पोस्ट परत वाचतोय. भिंत फोडावी लागेल का?

पाना_पेचकस

हाहाहा. माफ करा. नाही, भिंत वगैरे काही नाही, निम्म्या लोकांचं होतं.

आत राहिलेल्या काडीच्या टोकाला आटे आहेतच. हातातल्या काड्या ड्रिलशिवाय, हाताने, आत सारा, टोकाला टोक लागल्याचं हाताला कळतं, मग अगदी हलका दाब देऊन घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवत राहा. दहा-बारा प्रयत्नांत एकदा तरी आटा धरतो. धरला वाटलं तरी लगेच ओढू नका, आणखी चार फेरे द्या. नाहीच जमलं तर बाहेरचं तोंड तसंही बदलायचंच आहे, ते काढा, टॉर्च मारा, ब्रश आडव्या भागात असेल तर जाड तारेचा आकडा करून तिकडून ओढून घ्या. आणि काड्या मागून ढकलत बसू नका, वळणात आडव्या होतील.

यजमानांना सांगा, मी पहिल्या वर्षी दोन सोडले होते आत. एक अजून तिथेच असेल.

दमट_टॉवेल

निघाला! आटा काही धरला नाही, चाळीस मिनिटं फिरवून फिरवून मनगटं गेली. शेवटी बाहेरचं तोंड काढलं, टॉर्चमध्ये ब्रशचे केस दिसले, कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून आकडा केला आणि ओढला. ब्रशमागोमाग उरलेलं लिंट शेपटीसारखं आलं, त्यात एक बाळमोजा. धाकटी आता आठ वर्षांची आहे. जाळी बसवायच्या आधी कधीतरी फटीतून पडला असणार.

नवीन तोंड बसवलं, मागे नवीन पाइप, नवऱ्याने मशीन मागे सरकवताना ह्या वेळी मला टॉर्च घेऊन बाजूने बघायला लावलं की चेपत नाहीये ना. पेटी उघडायला दुसरा माणूस बुधवारी येतोय, तोपर्यंत हीट लावणार नाही असं ठरलंय. पण राहवलं नाही म्हणून रिकामं मशीन गार हवेवर दोन मिनिटं लावून दोघं खाली जाऊन उभे राहिलो. झडप पूर्ण आडवी, पत्र्यावर टकटक वाजत होती. समोरच्या फांदीवर एक पक्षी बसून बघत होता, तोच का ते माहीत नाही.

दमट_टॉवेल

बुधवारचं. पेटीतून हीटरच्या बाजूला दोन ठिकाणी कडा करपलेलं लिंट निघालं, माणसाने मला बोलावून दाखवलं. ड्रमची मागची नमद्याची पट्टी झिजली होती, ती बदलली. फ्यूज जुनाच ठेवलाय, तो म्हणाला ह्याला काही झालेलं नाही. संध्याकाळी टॉवेलचा पूर्ण लोड लावला, आम्ही दोघं घड्याळ घेऊन. ४८ मिनिटं. वरच्या पत्र्यावर मी हात ठेवून उभी होते, नुसता कोमट.

खटपट्या

अभिनंदन ताई. इकडे सांधा सुटलेला सापडला. भिंतीतला. पाना काका, काही बोलू नका.

पाना_पेचकस

मी कुठे काय बोललो.